इशापूरच्या रायफलीचा तडकलेला फोर-एंड: एका दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रायफल होती शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. महाराष्ट्रात जिला सगळे 'थ्री नॉट थ्री' म्हणून ओळखतात आणि जी कित्येक दशकं पोलिसांच्या खांद्यावर दिसली, तीच. बट सॉकेटच्या, म्हणजे बट जिथे बसतो त्या पोलादी खोबणीच्या, उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली जी.आर.आय. (जॉर्ज, राजा आणि सम्राट), इशापूर आणि १९४३ हे साल. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली, पुढे भारताने विकलेल्या जुन्या मालातून अमेरिकेत पोचलेली. तिचा सध्याचा मालक मूळचा सातारा जिल्ह्यातला, राहायला पेनसिल्व्हेनियात. वर्षातून तीन-चार वेळा रेंजवर नेऊन वीस-पंचवीस गोळ्या झाडायच्या आणि एरवी तेल लावून ठेवायची, एवढाच त्याचा वापर. दुरुस्ती त्याच राज्यातल्या, फक्त लाकडी दस्त्यांचं काम करणाऱ्या एका कारागिराने केली.

हे काम भारतात असंच करता येणार नाही, हे इथेच सांगून टाकावं. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्र दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो. पुढचं सगळं अमेरिकेतल्या कायदेशीर मालकीच्या रायफलीबद्दल आहे.

या रायफलीचा दस्ता दोन तुकड्यांचा असतो, आणि या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. त्याच काळातल्या माउझर किंवा स्प्रिंगफिल्डचा दस्ता टोकापासून टोकापर्यंत एकाच लाकडाचा. ली-एनफिल्डमध्ये मधोमध पोलादी सॉकेट आहे. त्याच्या मागे बट, आतून जाणाऱ्या लांब स्टॉक बोल्टने आवळलेला. पुढे फोर-एंड, म्हणजे नळीखालचं लांब लाकूड. ते किंग स्क्रू (ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू), ट्रिगर गार्ड, इनर बँड (नळीभोवतीचं आतलं कडं) आणि नोजकॅप (पुढच्या टोकाची धातूची टोपी) यांनी धरलेलं असतं. गोळी सुटली की धक्का सॉकेटमधून थेट बटला आणि बटमधून खांद्याला बसतो. फोर-एंडच्या वाट्याला तो सरळ येत नाही. रिसिव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणारी पोलादी चौकट, मागे सरकताना त्याला सोबत ओढून नेतो. हे ओढणं होतं मॅगझिनच्या मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे असलेल्या लाकडाच्या दोन छोट्या टेकूंवर. त्यांना ड्रॉज म्हणतात. अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठे नसतात ते.

अडचण काय होती

मालकाच्या तक्रारी तीन. पहिली म्हणजे फोर-एंडच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूने, सॉकेटपासून पुढे जाणारा ६२ मिलिमीटरचा तडा. दुसरी, त्याने तो पांढऱ्या सुतारी गोंदाने चिकटवला होता आणि वीसेक गोळ्यांत तो पुन्हा उघडला. तिसरी तक्रार त्याने जाता जाता सांगितली, पण महत्त्वाची तीच होती: ट्रिगरची 'पहिली ओढ' गेली आहे. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. आधी लांब, हलका टप्पा, मग थांबा, मग गोळी. इथे बोट लावलं की जवळजवळ सरळ दुसऱ्याच टप्प्याला लागत होतं.

तडा कसा गेला हेही त्यानेच सांगितलं. बट किंचित हलत होता. बटप्लेटची, म्हणजे बटच्या टोकावरच्या धातूच्या पट्टीची, झडप उघडून आत पाहिलं तर खोल एक स्क्रूचं डोकं दिसलं. लांब स्क्रू ड्रायव्हर घातला आणि आवळला. पाव फेराही झाला नसेल, 'टक्' असा आवाज आला.

तो आवाज फोर-एंडचा होता. या रायफलीत स्टॉक बोल्टचं पुढचं टोक चौकोनी आहे. ते सॉकेटमधून थोडं पुढे येतं आणि फोर-एंडच्या मागच्या टोकात बसवलेल्या एका छोट्या पट्टीच्या खाचेत अडकतं. धक्क्यांनी बोल्ट आपोआप सैल होऊ नये, यासाठी ही युक्ती. पण फोर-एंड जागेवर असताना बोल्ट फिरवला की तोच चौकोन पाचरीसारखा आतून लाकूड फाकवतो. म्हणून फोर-एंड उतरवल्याशिवाय स्टॉक बोल्टला हात लावायचा नाही, हा या रायफलीचा पहिला नियम. तो माहीत नसल्यामुळे जगभरात किती फोर-एंड फाटले असतील याची गणती नाही.

खोलून पाहिल्यावर

खोलण्याचा क्रमही महत्त्वाचा. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून रायफलीचा बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा; स्टॉक बोल्ट वेगळा) व मॅगझिन बाजूला. मग नोजकॅपचे स्क्रू, नोजकॅप, बाहेरचा बँड, वरचे हँडगार्ड (नळीवरची लाकडी झाकणं), इनर बँडचा खालचा स्क्रू, आणि शेवटी ट्रिगर गार्डचे पुढचा आणि मागचा असे दोन्ही स्क्रू. मागच्या हँडगार्डच्या स्प्रिंगजवळचे कान फार नाजूक असतात, तो सरळ वर उचलायचा. आणि फोर-एंड खाली काढताना पुढचं टोक धरून ओढायचं नाही. तसं केलं तर मागचं टोक रिसिव्हरमध्ये तिरकं अडकतं आणि धड असलेलं लाकूडही फाटतं. दोन्ही बाजूंनी हळूहळू, समांतर खाली. अडलंच तर रिसिव्हरजवळ रबरी मोगरीने हलके ठोके.

उतरवल्यावर तीन गोष्टी दिसल्या.

तडा दिसत होता त्यापेक्षा लांब निघाला. लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. आजूबाजूचं लाकूड मिनिटभरात सुकलं, पण भेगेत शिरलेलं स्पिरिट काळ्या रेषेसारखं ओलं राहिलं. ती रेषा ७४ मिलिमीटरपर्यंत, पार ट्रिगर गार्डच्या खोबणीत गेली होती. भिंग घेऊन शोधण्यापेक्षा ही रीत भरवशाची आहे.

दुसरं, ड्रॉज. डावीकडचा काळा पडलेला, तेल पिऊन इतका मऊ की नख रुतत होतं. उजवीकडचा त्यामानाने बरा, पण त्याची मागची कड चेपून बाहेर ओठ आला होता आणि त्यातून १८ मिलिमीटरची केसासारखी चीर मागे गेली होती. म्हणजे मालकाने स्टॉक बोल्ट आवळला नसता, तरी हा फोर-एंड काही हंगामांत फाटलाच असता. ड्रॉज झिजले की रिसिव्हर आणि लाकूड यांच्यात फट पडते. मग दर गोळीला रिसिव्हर आधी ती फट ओलांडतो आणि मग लाकडावर आदळतो. ओढण्याच्या जागी हातोडीचा घाव बसू लागतो.

तिसरं, किंग स्क्रूच्या भोकातला कॉलर गायब. हा पोलादी नळीचा छोटा तुकडा ट्रिगर गार्ड आणि रिसिव्हर यांच्यामध्ये उभा असतो. स्क्रू कितीही आवळला तरी गार्ड ठरलेल्या अंतरापेक्षा वर येऊ नये, हे त्याचं काम. आधीच्या कुठल्यातरी धन्याने खोलताना तो हरवला असणार. मग लाकूड चेपत गेलं आणि गार्ड वर सरकला. या मॉडेलमध्ये चाप ट्रिगर गार्डमध्येच बसवलेला असतो, सिअर (चाप ओढेपर्यंत गोळी अडवून धरणारी कळ) मात्र रिसिव्हरमध्ये. गार्ड वर आला की चाप सिअरला आधीच टेकतो आणि पहिली ओढ खाऊन टाकतो. (पुढे नंबर ४ मार्क २ मध्ये चाप थेट रिसिव्हरला टांगला गेला. लाकूड आकसलं-चेपलं तरी ओढ बदलू नये, हाच त्यामागचा हेतू.) ट्रिगरची तक्रार मालकाने तड्यापेक्षा दुय्यम मानली होती, पण सुरक्षेच्या दृष्टीने या रायफलीतला सर्वांत गंभीर दोष हाच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, फक्त तडा चिकटवायचा. स्वस्त, दोन दिवसांचं काम. पण ड्रॉज तसेच ठेवले तर नवा गोंद तेच घाव खात राहणार. मालकाने स्वतः हेच केलं होतं आणि फळही पाहिलं होतं.

दुसरा, जुन्या मालातून फोर-एंड आणून बदलायचा. ऐकायला हा सगळ्यांत सोपा वाटतो, पण तसा नाही. कारखान्यातही फोर-एंड प्रत्येक रायफलीला हाताने घासून बसवला जायचा. दुसऱ्या रायफलीवरून काढलेल्याचे ड्रॉज तिच्या मापाने झिजलेले, आणि न वापरलेल्याला जागोजागी लाकूड जास्त. दोन्हींत बसवणीचं काम दुरुस्तीइतकंच. शिवाय या फोर-एंडवर खाली पुढच्या टोकाजवळ रायफलीचाच नंबर ठोकलेला होता. रिसिव्हर, बोल्ट आणि लाकूड एकाच नंबरचं असलेली इशापूर रायफल आता सहज मिळत नाही. संग्राहकाच्या नजरेतली तिची बरीचशी किंमत त्या चार-पाच आकड्यांत असते.

तिसरा, तडा आणि ड्रॉज दोन्ही दुरुस्त करून मूळ लाकूड वाचवायचं. वेळ सर्वांत जास्त.

चौथा, भिंतीवर टांगायची. मालकाला मान्य नव्हतं.

तिसरा ठरला. त्यात आणखी दोन निर्णय घ्यावे लागले. ड्रॉजमागे तांब्याच्या पट्ट्या घालायच्या का? ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने कोचवुड नावाच्या मऊ लाकडासाठी हे केलं होतं आणि ते उत्तम चालतं. पण इथलं लाकूड घट्ट, जड, बारीक रेषांचं. मूळ रायफलीत नसलेली गोष्ट घालण्याइतकी गरज दिसली नाही. आणि मागच्या टोकातून आडवा स्क्रू घालायचा का? इशापूरने फोर-एंड फाटू नये म्हणून मॅगझिनच्या पुढे असा एक आडवा स्क्रू घालायला सुरुवात केली होती आणि या रायफलीत तो होताही. 'इशापूर स्क्रू' म्हणून संग्राहक तो ओळखतात. मागे दुसरा घातला तर मजबुती नक्की वाढली असती. पण त्याची दोन्ही डोकी बाहेरून कायम दिसली असती, आणि शंभर वर्षांनी कोणीतरी ते कारखान्याचंच काम समजला असता. कारागिराने नाही म्हटलं. त्याऐवजी आतून, ट्रिगर गार्डखाली झाकल्या जाणाऱ्या खोबणीतून पितळी खुंट्या घालायचं ठरलं.

तेल काढणं

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ याला गेला, आणि जायलाच हवा. सैन्यात या लाकडाला जवसाचं कच्चं तेल वर्षानुवर्षं चोळलं जायचं. त्यावर बंदुकीचं खनिज तेल मागून-वरून झिरपत राहायचं, कारण रायफल उभी ठेवली की रिसिव्हरमधलं तेल नेमकं फोर-एंडच्या मागच्या टोकाकडे उतरतं. अशा लाकडाला कोणताही गोंद चिकटत नाही. चिकटल्यासारखा वाटतो, इतकंच.

आधी जुना पांढरा गोंद. तो वाळल्यावरही कोमट व्हिनेगरने मऊ पडतो. टूथब्रश आणि पातळ पोलादी पट्टीने भेगेतून तो काढला आणि लाकूड दोन दिवस सुकू दिलं. मग खडूची भुकटी अॅसिटोनमध्ये कालवून दह्याएवढा दाट लेप केला आणि भेगेवर व ड्रॉजवर ५ मिलिमीटर जाड थापला. अॅसिटोन आत शिरतं, तेल पातळ करतं आणि उडून जाताना ते वर खडूत आणून सोडतं. वाळलेला लेप ब्रशने झाडला की खाली मधासारखा पिवळा डाग दिसतो. पहिल्या तीन लेपांवर डाग गडद, चौथ्यावर फिका, पाचव्यावर जवळजवळ नाही. मधल्या काळात हेअर ड्रायरने लाकूड कोमट केलं, की आतलं तेल घामासारखं पृष्ठभागावर यायचं. ड्रायर मात्र अॅसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच, आणि सगळं काम उघड्यावर. अॅसिटोनची वाफ ठिणगीने पेट घेते.

ओव्हन क्लीनर वापरून हेच काम दहा मिनिटांत करणारे पुष्कळ आहेत. त्यातला कॉस्टिक लाकडाचे तंतू फुगवतो, रंग मारतो आणि ठोकलेल्या शिक्क्यांच्या कडा फुसक्या करतो. तसा 'स्वच्छ' झालेला दस्ता दुरून ओळखू येतो, राखाडी आणि केसाळ.

तडा जोडणं

भेग बारीक पाचरीने अर्धा मिलिमीटरच उघडली. त्याहून जास्त उघडली की टोकाला ती पुढे पळते.

दाब देताना रिसिव्हरची जागा आकसू नये, हा इथला खरा धोका. दोन्ही बाजू क्लॅम्पने आवळल्या आणि मधे काहीच नसलं, तर जोड सुंदर बसतो, पण रायफल आत जात नाही. काही कारागीर रिसिव्हरलाच मेणाचे दोन थर देऊन साचा म्हणून घालतात. मेण एका ठिकाणी राहिलं तर रिसिव्हर कायमचा आत. इथे रिसिव्हरच्या रुंदीचा मेपलचा ठोकळा करून त्याला पॅकिंग टेप गुंडाळली. इपॉक्सी टेपला चिकटत नाही.

गोंद चोवीस तासांत घट्ट होणारा इपॉक्सी. पाच मिनिटांवाला नको. तो भेगेच्या तळापर्यंत पोचायच्या आतच धरायला लागतो, आणि सुपरग्लू धक्क्याला ठिसूळ पडतो. लाकूड आधी ३५-४० अंशांपर्यंत कोमट केलं, म्हणजे इपॉक्सी लागताच पातळ होऊन आत धावतो. एका बाजूने गोंद आणि दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून तो भेगेतून आरपार ओढला. पलीकडच्या कडेला गोंदाचे थेंब दिसले, तेव्हाच तो सगळीकडे पोचल्याची खात्री झाली. मग दातांत घालायचा दोरा भेगेत दोनदा फिरवून आतले बुडबुडे मोकळे केले.

आवळायला सायकलच्या ट्यूबच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या. गोलाईच्या लाकडावर लोखंडी क्लॅम्प घसरतात, एका जागी दाबतात आणि वळ उमटवतात. ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की दाब सगळीकडून सारखा येतो. फार आवळायचं नाही, नाहीतर सगळा गोंद बाहेर येऊन जोड कोरडा राहतो. बाहेर आलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटने पुसला. ४८ तास २२ अंशांच्या खोलीत.

नंतर खुंट्या. ३ मिलिमीटरचा आट्यांचा पितळी रॉड, १६ मिलिमीटरचे दोन तुकडे, ट्रिगर गार्डच्या खोबणीतून तड्याला तिरके छेदणारे. दोघांचे तिरपे कोन एकमेकांविरुद्ध ठेवले, म्हणजे तड्याला कुठल्याही बाजूने उघडता येत नाही. गिरमिटावर टेप लावून खोली बांधून घेतली. भोक आट्यांपेक्षा किंचित मोठं, आत इपॉक्सी, रॉड फिरवत आत, वरचं टोक पृष्ठभागापासून मिलिमीटरभर खाली. पोलादी स्क्रू वापरला असता तर अक्रोडातल्या टॅनिनने काही वर्षांत त्याभोवती काळा डाग पडला असता.

इथे घोटाळा झाला

जोड मजबूत झाला, तेव्हा ड्रॉजचं काम व्हायचं होतं. डावीकडचं कुजकं लाकूड पटाशीने ६ मिलिमीटर आत, धड लाकूड लागेपर्यंत काढलं आणि तिथे त्याच मापाचं अक्रोडाचं ठिगळ बसवलं. ठिगळाच्या रेषा नळीच्या दिशेने, म्हणजे रिसिव्हर तंतूंच्या टोकांवर दाबेल, बाजूवर नाही. बाजूने दाबलं तर तंतू चेपतात, टोकांवर दाबलं तर टिकतात. उजवीकडचा ड्रॉ वरवर ठीक वाटला म्हणून तसाच ठेवला.

मग फोर-एंड रिसिव्हरवर बसवून पाहिला. शेवटचे तीन-चार मिलिमीटर अडला. नवीन ठिगळ आहे, घट्ट जाणारच, म्हणून कारागिराने मोगरीचा एक ठोका दिला. पुन्हा 'टक्'. उजवीकडच्या जुन्या चिरेतून ९ मिलिमीटरची नवी रेषा पुढे आली होती.

काजळीने तपासलं तेव्हा कारण समजलं. रिसिव्हरच्या टेकणाऱ्या भागावर काजळी लावून फोर-एंड हाताने वर दाबला आणि काढला. डावीकडच्या ठिगळावर ती भरभरून उमटली, उजवीकडे काहीच नाही. मधे जाड कागदाच्या चार पट्ट्या सरकत होत्या, म्हणजे ०.४ मिलिमीटरची फट. सगळा जोर डावीकडून जात होता, फोर-एंड आडवा वाकत होता आणि वाकल्यावर उजवीकडची कमजोर रेषा उघडत होती. हीच तपासणी गोंद लावायच्या आधी केली असती, तर उजवा ड्रॉ 'ठीक' वाटला नसता.

इथे दोन रस्ते होते. डावं ठिगळ ०.४ ने कमी करून दोन्ही बाजू जुन्या, झिजलेल्या जागी आणायच्या. किंवा उजवीकडेही ठिगळ घालून दोन्ही मूळ जागी न्यायच्या. पहिलं तासाभराचं काम. पण तसं केलं असतं तर फोर-एंड सॉकेटच्या बाजूने पुढे सरकलेलाच राहिला असता आणि ट्रिगर गार्डची भोकं तिरपी जुळली असती. दुसरा रस्ता धरला. उजवीकडची चीर त्याच रीतीने स्वच्छ करून जोडली, एक खुंटी आणखी घातली, आणि ४८ तास थांबून ठिगळ.

त्यानंतर ठिगळं कानशीने एका वेळी एक-दोन घासण्यांनी उतरवत, दर वेळी काजळी लावत, फोर-एंड चढवत-उतरवत सतरा फेऱ्या. दोन्ही बाजूंवर काजळी सारखी, जवळजवळ पूर्ण पृष्ठभागावर उमटली आणि फोर-एंड तळहाताच्या दाबाने, मोगरीशिवाय बसला, तेव्हा कारागीर थांबला.

जोडणी

इथला क्रम नुसता वरच्या खोलण्याच्या उलट नाही. आधी बट. बटप्लेटच्या झडपेतून आधी आतला बूच, असेल तर, काढायचा, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर त्याच्यावरच फिरत राहतो. मग स्टॉक बोल्ट पूर्ण आवळायचा आणि सॉकेटच्या पुढे आलेला चौकोन खाचेच्या दिशेत सरळ आहे का ते पाहायचं. नसेल तर बोल्ट मागे फिरवून जुळवायचा मोह होतो, आणि बट पुन्हा सैल राहतो. त्याऐवजी बोल्टच्या डोक्याखाली पातळ वॉशर घालायचा, म्हणजे पूर्ण आवळल्यावर चौकोन योग्य जागी येतो. इथे एक वॉशर पुरला.

नवा कॉलर बसवल्यावर किंग स्क्रू आवळताना शेवटी स्क्रू एकदम ठाम थांबला. आधी तो लाकडात रुतत मऊ थांबायचा. ट्रिगरची पहिली ओढ परत आली. चाप, सिअर किंवा कॉकिंग पीस यांना कानस लावायची वेळ आली नाही. ती लावली असती तर दोष झाकला गेला असता आणि पुढच्याने कॉलर घातल्यावर ट्रिगर धोकादायक झाला असता.

लाकडाचं बाहेरचं रूप तसंच ठेवलं. पॉलिशपेपर फक्त ठिगळांच्या कडेला, ३२० नंबरचा. जवसाचं कच्चं तेल पातळ हातांनी, दोन दिवसांच्या अंतराने तीनदा. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकल्या नाहीत. पाण्याच्या डब्यात बुडवून मग फेकल्या, कारण जवसाच्या तेलाची चुरगळलेली चिंधी आपोआप पेटते.

निकाल

रेंजवर नेण्याआधी एका गनस्मिथने हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) तपासला, तो ठीक होता. फोर-एंडच्या आतून जोडावर आडव्या बारीक पेन्सिलच्या रेषा मारल्या. जोड केसभर जरी सरकला तरी रेषा तुटलेली दिसते.

पहिल्या दिवशी १० गोळ्या, मग पूर्ण खोलून तपासणी. रेषा अखंड. ठिगळांवर दोन्ही बाजूंना सारखी, नाण्यासारखी चकाकी. महिन्याने आणखी ३०, तसंच. त्यानंतर थंडी आली. हीटरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि दुरुस्तीची खरी परीक्षा तिथे होते. मार्चमध्ये पुन्हा खोललं. तड्यात काही नाही. उजवीकडच्या ठिगळाच्या वरच्या कडेला मात्र केसाएवढी फट दिसली. ती ताण घेणाऱ्या पृष्ठभागावर नाही, म्हणून तशीच ठेवून तिच्यावर एक पेन्सिलची रेषा आणि तारीख लिहिली.

तडा खालून पाहिला तर गडद दोऱ्यासारखा दिसतो. इपॉक्सीत लाकडाची भुकटी मिसळून तो आणखी लपवता आला असता. पण भुकटीने गोंद दाट होतो आणि खोल भेगेत जात नाही. मालकाने दोरा पत्करला.

वेगळं काय करता आलं असतं

काजळी सुरुवातीलाच लावायला हवी होती. एका संध्याकाळची तपासणी चुकवून उजवीकडचं काम, दुसरी वाळवणी आणि जवळजवळ एक आठवडा वाढला. डोळ्यांना चांगला दिसणारा ड्रॉ टेकत असेलच असं नाही.

खुंट्यांबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्हींत दम आहे. काही जुने आर्मरर (सैन्यातले शस्त्रदुरुस्ती करणारे) पितळ न वापरता कठीण लाकडाच्या किंवा बांबूच्या खुंट्या घालतात, कारण हवामानाबरोबर लाकूड फुगतं-आकसतं, पितळ तसं करत नाही. इथे पितळ निवडण्याचं कारण जागा एवढंच. ३ मिलिमीटरमध्ये लाकडाच्या खुंटीला पुरेसा जोर राहत नाही. लाकूड जाड असतं तर बांबू बरा.

आणि मालकाने तक्रारी सांगताना ट्रिगरची गोष्ट शेवटी, तीही जाता जाता सांगितली. रायफल हातात घेतल्यावर आधी तिचाच प्रश्न विचारला असता, तर कॉलरपर्यंत खोलण्याआधीच पोचता आलं असतं.

बटच्या झडपेआड तेलाच्या पितळी बाटलीला मालकाने आता एक कागदाची चिठ्ठी गुंडाळून ठेवली आहे. स्टॉक बोल्टपर्यंत जायचं तर बाटली बाहेर काढावीच लागते. चिठ्ठीवर इंग्रजीत आणि खाली मराठीत लिहिलंय: 'आधी फोर-एंड काढ.'